मराठी गोष्टी, अँटकॉन्क आणि आठवीची नऊ मुलं : जून ते डिसेंबर २०२४ च्या नोंदी

१५ जून, शनिवार

शाळा आजच सुरू झाली. नोंदी ठेवायचं कारण आधी लिहिते, म्हणजे पुढे कुणी हेच करायला घेतलं तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे जाणार नाहीत.

मी नवी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचं झालं, त्यामुळे वर्गात घरी मल्याळम, तमिळ, बंगाली, गुजराती, हिंदी बोलणारी मुलं आहेत. हिंदीमुळे देवनागरी वाचता येतं, धड्याची प्रश्नोत्तरं पाठ होतात, मार्क पण मिळतात, पण गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की दोन पानांत मिटतात. आठवीतली नऊ मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास थांबायला तयार झालीत. या तासात फक्त वाचायचं, वही नाही, प्रश्न नाहीत, परीक्षा तर नाहीच.

अडचण अशी की कुणाला कुठली गोष्ट द्यायची हे मी आत्तापर्यंत अंदाजाने ठरवत आले आणि तो अंदाज सारखा चुकतो. आमच्या इंग्रजीच्या बाईंकडे तयार याद्या आहेत, मायकेल वेस्ट यांची १९५३ ची सुमारे २००० शब्दांची यादी, मग २०१३ ला आलेली नवीन जनरल सर्व्हिस लिस्ट, त्यावरून त्या पुस्तक सोपं की अवघड ते तपासतात. पॉल नेशन यांच्या कामातला आकडा त्यांनीच मला सांगितला, की १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असले तर कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळते, म्हणजे ५० शब्दांत एकच अडलेला चालतो. मला मुलांच्या मराठी गोष्टींसाठी असं काहीतरी हवंय, म्हणून आपणच करू असं ठरवलंय.

साधनं: माझा जुना लॅपटॉप, अँटकॉन्क हे मजकुरातले शब्द मोजणारं आणि शोधणारं फुकटचं सॉफ्टवेअर (टोकियोच्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी केलेलं), आणि माझा भाचा, जो इंजिनिअरिंगला आहे आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येते म्हणतो.

२५ जून

दहा दिवस मजकूर गोळा करण्यात गेले, त्यातले सहा अक्षरशः पाण्यात.

गोष्टी घेतल्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवरून. लायसन्स खुलं आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि पातळ्या दिलेल्या आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. मी काय चूक केली तर पीडीएफ उतरवल्या आणि त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमधे टाकत गेले. २१ गोष्टी झाल्यावर एक फाइल सहज वाचून पाहिली तर वेलांट्या भलत्या ठिकाणी, जोडाक्षरं फुटलेली, कुठे अक्षरं गायब. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला की असं होतं हे मला माहीतच नव्हतं. पीडीएफमधे अक्षर दिसतं कसं ते नीट साठवलेलं असतं, टाइप कुठल्या क्रमाने झालं ते असेलच असं नाही. सगळ्या २१ फाइली टाकून दिल्या.

भाचा म्हणाला, "मावशी, ईपब घे ना, ती आतून वेबपेजच असते." तसं केलं, ईपबचं (ई-पुस्तकाच्या फाइलीचा एक प्रकार) नाव बदलून झिप केलं, उघडलं, आतला मजकूर स्वच्छ. दोन संध्याकाळींत ६४ गोष्टी झाल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या, मिळून ४० हजारांच्या थोडे वर शब्द. प्रत्येक गोष्ट वेगळ्या फाइलमधे, यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) मधे सेव्ह केलेली, आणि फाइलच्या नावातच पातळी. नावात पातळी टाकायची आयडिया पुढे फार उपयोगी पडली, आळस करू नका. आणखी एक, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी लेखक, चित्रकार, लायसन्सचा मजकूर असतो, तो काढून टाका नाहीतर ‘चित्र’ आणि ‘प्रकाशन’ हे तुमच्या यादीत फार वर येतात.

मोठ्या मुलांसाठी साने गुरुजींचं थोडं लेखन मराठी विकिस्रोतवरून वेगळ्या फोल्डरमधे ठेवलंय. गुरुजी १९५० साली गेले, आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०११ पासून ते सगळ्यांसाठी मोकळं आहे. एका जुन्या मासिकाचे स्कॅन ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) काढायचा प्रयत्न पण केला, पण दोन कॉलम आणि रंगीत चित्रावर छापलेली अक्षरं, एका पानाच्या दुरुस्तीला अर्धा तास लागायला लागला म्हणून सोडलं.

२९ जून, शनिवार

आज मुलं गेल्यावर स्टाफरूममधे बसून पहिली शब्दयादी काढली. सगळ्यात वर र, मग त, क, ल, न, म. पुढे सगळी सुटी अक्षरं! मला वाटलं फाइली परत खराब झाल्या, सगळ्या उघडून पाहिल्या तर धडधाकट.

कारण सापडायला अडीच तास गेले. कॉर्पस (तपासायच्या मजकुराचा साठा) बनवताना ‘टोकन’ म्हणजे काय, म्हणजे एक शब्द कशाला धरायचं, ते सांगावं लागतं. तिथे फक्त ‘लेटर’ हा वर्ग निवडलेला होता. युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) हिशेबात आपला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोडका (अक्षराचा पाय मोडायची खूण) हे ‘लेटर’ नाहीतच, ते ‘मार्क’ या वर्गात येतात. त्यामुळे ‘विहीर’ चे व, ह, र असे तीन शब्द झाले होते. लेटरच्या जोडीला मार्क पण निवडायचा आणि कॉर्पस पुन्हा बनवायचा, आधी बनवलेल्यात बदल होत नाही. हे एक वाक्य कुणी मला आधी सांगितलं असतं तर शनिवार वाचला असता, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते: लेटर आणि मार्क, दोन्ही.

नवीन यादीत सगळ्यात वरचे शब्द: आहे, आणि, तो, एक, होता, ती, पण, नाही. आता मराठी दिसायला लागलं.

३ जुलै

पुन्हा एक गडबड, बारीक आहे पण वाईट आहे.

‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘वाऱ्याने’ हे शब्द काही गोष्टींत अख्खे येतात आणि काहींत मधेच तुटून दोन तुकडे होतात. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, पायमोडका आणि त्यानंतर एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. ते न दिसणारं अक्षर लेटर पण नाही आणि मार्क पण नाही, म्हणून शब्द तिथे फुटतो.

मी भाच्याला म्हटलं ते अदृश्य अक्षर सगळीकडून काढून टाक. त्याने काढलं. दोन दिवसांनी मला यादीत ‘दर्या’ दिसला, आणि डोंगरातल्या गोष्टीत समुद्र कुठून आला म्हणून वाक्य उघडलं तर ते होतं ‘दऱ्या’. नुसतं जॉइनर काढलं की दऱ्याचं दर्या होतं, आचाऱ्यांना चं आचार्यांना होतं, म्हणजे स्वैपाकी थेट गुरुजी होतो. योग्य क्रम असा: आधी जिथे जिथे र, पायमोडका आणि जॉइनर एकापुढे एक आहेत तिथे टिंबवाला ऱ आणि पायमोडका घाला, आणि मगच उरलेली अदृश्य अक्षरं काढा. तसंच ‘ॲ’ पण दोन तऱ्हांनी टाइप होतो, तो एकाच तऱ्हेचा करून घेतला. मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर ६४ ईपब परत उघडावे लागले असते.

६ जुलै, शनिवार

४० हजार शब्द फार कमी, मोठा साठा घेऊ असं भाच्याचं म्हणणं, त्याने मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर उतरवला आणि एका रात्रीत यादी काढली. आकडे मोठे, पण यादीत वर तालुका, जिल्हा, लोकसंख्या. तिथे गावांवरचे छोटे छोटे लेख भरपूर आहेत त्यामुळे असं होणारच. आमच्या मुलांना लागतात फांदी, टोपली, लपला, हळूच, आजी, भुंकला. ते शब्द या यादीत कुठल्या कुठे खाली. मुलांना जे वाचायला द्यायचं त्यातूनच यादी काढायची हे आज नक्की केलं. मोठा साठा हार्ड डिस्कवर ठेवलाय, हात लावलेला नाही.

२० जुलै, शनिवार

दोन आठवडे नोंद नाही कारण रूपांच्या गुंत्यात अडकलो होतो.

इंग्रजीत हाउस आणि हाउसेस झालं की विषय संपला. आपल्याकडे घर, घरं, घरे, घरात, घराला, घराच्या, घरातून, घरापासून, घरासमोर, घराघरांत, आणि सॉफ्टवेअरला हे सगळे वेगळे शब्द. म्हणजे जो शब्द गोष्टींत पन्नासदा येतो तो यादीत चार-चार, पाच-पाचच्या तुकड्यांत विखुरलेला, त्यामुळे खाली पडलेला.

भाच्याने प्रत्यय कापणारा कोड लिहिला: ला, ना, ने, नी, चा, ची, चे, त, वर, साठी, पासून. चालवला आणि निकाल बघून मी कपाळाला हात लावला. ‘त’ कापल्यामुळे शेत चा शे, भात चा भा, हात चा हा. ‘ला’ कापल्यामुळे आला, गेला, बोलला यांच्या शेपट्या तुटल्या. ‘ने’ कापला तर पाने मधून नुसतं पा उरलं. मग अपवादांची यादी केली, ती वाढता वाढता दोनशेवर गेली, तरी देवळात पासून देऊळ मिळेना, कारण प्रत्यय कापून ‘देवळा’ उरतं आणि तिथून देऊळपर्यंत जायला वेगळा नियम लागतो. पावसात चं पाऊस, माणसाला चं माणूस, फुलांचं फूल, बहिणीने चं बहीण, प्रत्येकाची वेगळी वाट.

कोड सोडून दिला. साधारण ३० तास, माझे आणि त्याचे मिळून. तो नाराज झाला पण त्याला मी सांगितलं, अरे ४० हजार शब्दच आहेत, हाताने करू.

१० ऑगस्ट, शनिवार

हाताने झालं. कसं केलं ते सविस्तर लिहिते कारण मला वाटतं हेच करायला हवं.

सगळी रूपं करायची नाहीत. जे रूप मिळून तीनदा तरी आलंय आणि निदान दोन गोष्टींत आलंय तेवढंच घेतलं. अँटकॉन्कच्या यादीत किती वेळा आणि किती फाइलींत असे दोन्ही आकडे मिळतात, त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. ‘माकड’ खूपदा येतं पण एकाच गोष्टीत, त्याचा बाकीच्यांना उपयोग नाही. अशी १९०० च्या आसपास रूपं निघाली. स्प्रेडशीटमधे एका कॉलमला रूप, शेजारी मूळ शब्द. यादी डबल क्लिक करून उघडली तर सगळं अगम्य लॅटिन दिसतं, इंपोर्टमधून यूटीएफ-८ निवडून उघडा, बरोबर दिसतं.

रोज रात्री जेवणानंतर तास-सव्वा तास, १९ रात्री. माझ्या आईने मोठी मदत केली, ती ७४ वर्षांची आहे, मी रूप वाचायचं आणि तिने मूळ सांगायचं. तिथे कळलं की काही रूपांचं मूळ वाक्य बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. ‘वेळा’ म्हणजे तीन वेळा मधली वेळ की शब्दयोगी जोडताना अर्धवट तुटलेलं काही, ‘काढा’ म्हणजे बाहेर काढा की खोकल्याचा काढा. अशा वेळी शब्दावर क्लिक केलं की सगळी वाक्यं ओळीने समोर येतात, निकाल लगेच लागतो. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, तो उघडायचो.

मूळ शब्द निघाले ८०० च्या थोडे खाली. म्हणजे ६४ गोष्टींचा गाभा ८०० शब्दांत आहे. आईला हे ऐकून नवल वाटलं, मला धीर आला.

‘केले’ आणि ‘केलं’ चं काय करायचं ते ठरत नाहीये. निवेदनात केले, बोलण्यात केलं, एकाच गोष्टीत दोन्ही. सध्या दोन ओळी वेगळ्याच ठेवल्यात.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज पहिल्यांदा यादी लावून गोष्ट दिली. तिसऱ्या पातळीची, ६२० शब्दांची. माझ्या हिशेबाने मुलांना त्यातले १५ एक शब्द नवीन असायला हवे होते. मुलांना एवढंच सांगितलं की वाचताना जिथे अडाल त्या शब्दाखाली पेन्सिलने ठिपका द्या आणि थांबू नका, पुढे जा.

सरासरी ठिपके ३४. दुपटीपेक्षा जास्त!

घरी येऊन नऊ कागद समोर ठेवले आणि सगळे ठिपके एका कागदावर उतरवले. अर्ध्याहून जास्त ठिपके अशा शब्दांखाली होते की जे मुलांना येतात. देऊळ येतं, ‘देवळात’ खाली ठिपका. पाऊस पहिलीपासून येतो, ‘पावसात’ खाली सात जणांचा ठिपका. विहीर आणि ‘विहिरीत’, माणूस आणि ‘माणसाने’, ऊस आणि ‘उसाच्या’. एका मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मिस, उसाच्या म्हणजे उसका ना?" हिंदी त्याच्या घरची भाषा, त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर विचार केला त्याने.

आठवडाभर हे डोक्यातून जाणार नाही. मी हिशेब करताना देवळात ला देऊळ च्या खात्यात टाकलं आणि ‘येतो’ असं धरलं. जो गुंता सोडवायला १९ रात्री बसले तोच गुंता मुलांच्या डोळ्यांपुढे आहे, आणि मी तो माझ्या बाजूने सोडवून मुलांसमोर परत तसाच ठेवला. मूळ शब्द येणं आणि तो वाक्यात भेटल्यावर ओळखू येणं या आमच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही शाळेत त्यातल्या पहिल्या गोष्टीचीच परीक्षा घेतो.

आता स्प्रेडशीटला तिसरा कॉलम: रूप बघून मूळ शब्द सहज ओळखता येतो का, हो किंवा नाही. घरात मधून घर दिसतं, हो. देवळात मधून देऊळ दिसत नाही, नाही. दीर्घ ऊ-ई ऱ्हस्व होणारे, मधला ऊ जाऊन व येणारे, ता चं त्या होणारे, हे सगळे ‘नाही’ मधे.

२४ ऑगस्ट, शनिवार

आजचा तास मी बिघडवला.

अँटकॉन्कमधे ‘पावस’ लिहून पुढे फुली (*) टाकली की पावसात, पावसाने, पावसाचा, पावसाळा सगळं एका खाली एक येतं. मला ते इतकं आवडलं की पाच शब्दांच्या प्रत्येकी २५ ओळी छापून मुलांना वाटल्या आणि म्हटलं बघा काय बदलतंय. पंधरा मिनिटांत चेहरे पडले. तुटक वाक्यं, आगापिछा नाही, वाचायला मजा नाही, परत व्याकरणाचाच तास. एक मुलगी निघताना म्हणाली की आज गोष्ट नव्हती का. झेरॉक्सचे १८० रुपये गेले त्याचं काही नाही, पण मी त्यांना दिलेला शब्द मोडला, की इथे फक्त वाचायचं.

नियम केला: याद्या आणि ओळी माझ्यासाठी. मुलांच्या हातात फक्त गोष्ट.

(ज्यांना फुली वापरायची त्यांच्यासाठी: ‘उस’ वर करू नका, उसळी, उसनं, उसंत सगळं धावून येतं.)

३१ ऑगस्ट, शनिवार

गोष्टीच्या पहिल्या पानाच्या तळाला पाच जोड्या लिहिल्या, हाताने, लहान अक्षरात. देवळात – देऊळ. रस्त्याने – रस्ता. फांद्यांवर – फांदी. अर्थ लिहिला नाही, नियम लिहिला नाही. पाच कुठल्या ते निवडायला तिसरा कॉलम आणि कितीदा येतं तो आकडा, दहा मिनिटांत होतं. तेवढ्याच लांबीची गोष्ट, ठिपके सरासरी २१. गोष्ट वेगळी आहे त्यामुळे घाईने काही म्हणत नाही, पण जोड्यांमधल्या शब्दांखाली जवळपास ठिपके नव्हतेच.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी, तास नाही. आरती झाल्यावर भाचा आला होता, मोदक खाता खाता त्याने नवीन कोड लिहिला. मुलांनी आत्तापर्यंत वाचलेल्या गोष्टींतले सगळे मूळ शब्द ‘ओळखीचे’ धरायचे, आणि उरलेल्या गोष्टींपैकी कुठल्या गोष्टीत नवीन शब्द सगळ्यात कमी ते सांगायचं. म्हणजे गोष्टींचा क्रम आपोआप लागेल आणि एकदा भेटलेला शब्द पुढच्या दोन-तीन गोष्टींत परत भेटेल. हे चांगलं आहे, कारण शब्द एकदा भेटून राहत नाही, पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी भेटावा लागतो, आणि ते यादी पाठ न करता व्हायचं असेल तर गोष्टींचा क्रम हेच आपल्या हातात आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज कळलं की ठिपक्यांवर पूर्ण विसंबता येत नाही.

एका मुलाने गोष्ट आपणहून मित्राला सांगितली, मी बाजूला बसून ऐकत होते. गोष्टीत गुरुजी मुलाला शिक्षा करतात. याच्या सांगण्यात गुरुजींनी त्याला बसवून शिकवलं! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, त्यामुळे वाक्य त्याला बरोबर लागत होतं, अडला नाही, ठिपका नाही. मग बाकीच्यांना सहज विचारलं, सहा जणांचं तसंच. ‘सगळ्यांनी त्याची चेष्टा केली’ हे त्यांना प्रयत्न केला असं वाटलं होतं. ‘टोपली खाली ठेवली’ म्हणजे रिकामी ठेवली.

अडलेला शब्द मूल निदान दाखवतं. हा शब्द न अडता भलतीकडे नेतो आणि कुणालाच कळत नाही. घरी येऊन आई आणि मी बसून यादी केली: शिक्षा, चेष्टा, खाली, संसार, सही, यातायात असे २८ शब्द. ते एका फाइलमधे टाकले, आता प्रत्येक गोष्ट द्यायच्या आधी त्या फाइलने शोधते. सापडला तर तळाच्या पाच जोड्यांत त्याला पहिली जागा, आणि इथे मात्र अर्थ लिहिते. ज्यांच्या वर्गात हिंदी येणारी मुलं आहेत त्यांनी हे काम पहिल्या आठवड्यातच करा, मला तीन महिने लागले.

५ ऑक्टोबर, शनिवार

परवा, ३ तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मुलांनी बातमी ऐकली होती. घरी तमिळ बोलणारी मुलगी म्हणाली, आमच्या तमिळला तर २००४ मधेच मिळालाय. तिला माहीत होतं याचंच मला जास्त कौतुक वाटलं. दहा मिनिटं त्यावर गप्पा झाल्या.

कोडच्या क्रमाने चार गोष्टी झाल्या आणि मुलं कंटाळली. कोल्हा, ससा, माकड, परत ससा. नवीन शब्द कमी हवेत म्हणजे एकसारख्याच गोष्टी एकापुढे एक येणार, हे आधी लक्षात यायला हवं होतं. शब्दांचा हिशेब बरोबर होता, ठिपके १२ पर्यंत उतरले होते, पण दोघं जण वाचता वाचता खिडकीबाहेर बघत होते. आता कोड पहिल्या पाच गोष्टी सुचवतो आणि त्यातून मुलं निवडतात, चित्र बघून, नाव बघून, कशीही. आज त्यांनी पाचातली सगळ्यात अवघड निवडली, अंतराळावरची. ठिपके १९, पण वेळ संपला तरी कुणी उठेना.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सहामाही, दिवाळी, मधे सहा आठवडे गेले. विसरले असतील अशी भीती होती. ऑगस्टमधलीच ती ६२० शब्दांची गोष्ट कोरी छापून परत दिली, जोड्या न लिहिता. ३४ च्या जागी ९. आधी वाचलेली गोष्ट आहे त्यामुळे हा आकडा मी फार धरत नाही. ठिपके कुठे आहेत ते बघितलं: ‘देवळात’ खाली एकही नाही. उरलेले बहुतेक ‘उगाच’, ‘जणू’, ‘एवढ्यात’, ‘मुळीच’ या जातीचे.

या शब्दांचं काय करायचं ते मला आधी सुचत नव्हतं. ‘उगाच’ चा अर्थ एका शब्दात सांगून बघा. इथे मात्र वाक्यांच्या ओळी कामाला आल्या, पण वेगळ्या तऱ्हेने: फक्त मुलांनी वाचलेल्याच गोष्टींचा वेगळा कॉर्पस केला, त्यात ‘उगाच’ शोधला, चार ओळी मिळाल्या, त्या फळ्यावर लिहिल्या. ही कुठल्या गोष्टीतली, कोण म्हणतंय, असं त्यांनाच विचारलं. त्यांना गोष्ट आठवते, प्रसंग आठवतो, मग उगाच काय ते सांगावं लागत नाही. पाच मिनिटं, की परत वाचन. अनोळखी २५ ओळी आणि ओळखीच्या चार ओळी, यात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

शाळेच्या लायब्ररीत ‘किशोर’ चे अंक पडून होते, बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. तीन मुलांनी आपणहून घरी नेलेत. त्यातल्या शब्दांचा माझ्याकडे काही हिशेब नाही आणि मी करणारही नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

सत्राचा खर्च: झेरॉक्स १,३४० (वाया गेलेले १८० धरून), पेन्सिली आणि फोल्डर २२०, पेनड्राइव्ह ३५०. सॉफ्टवेअर आणि गोष्टी फुकट. वेळ: पीडीएफ ६ दिवस, टोकन आणि जॉइनर मिळून साधारण ८ तास, प्रत्यय कापणं ३० तास, हाताची यादी २४ तास. यातली हाताची यादी सोडून बाकी सगळा वेळ वाचवता आला असता. यादी करायला माणूस मात्र मराठीत वाढलेला हवा, आई नसती तर मला दुप्पट वेळ लागला असता.

मुलांनी मिळून २२ गोष्टी वाचल्या. एक मुलगा सप्टेंबरमधे क्लास लागला म्हणून यायचा बंद झाला, आठ राहिली.

राहिलेलं काम: केले आणि केलं अजून दोन ओळींतच आहेत. हसू लागला, पडून राहिला, टाकून दिलं, ही जोड क्रियापदं माझ्या यादीत सुटी सुटी मोजली गेलीत, त्यामुळे ‘टाकून दिलं’ मधल्या दिलं वर मुलं अजून देणं शोधतात, कुणाला दिलं असं विचारतात. अँटकॉन्कमधे दोन-दोन शब्दांच्या जोड्या मोजायची सोय आहे, ती आज पहिल्यांदा उघडली, वर सगळं ‘होता पण’ आणि ‘आणि तो’ असलंच येतंय, ‘ऊन’ आणि ‘ऊ’ ने संपणारी रूपं त्यातून वेचून काढावी लागतील. भाच्याची परीक्षा २० तारखेला संपते, त्यानंतर बसू. जानेवारीच्या पहिल्या शनिवारसाठी मुलांनी गोष्ट निवडून ठेवलीये, भुताची आहे, ११०० शब्द, ‘खाली’ चारदा येतो.